गुरुवारचं पाणी

मारिबेलची पेटी फुटली ती नेमकी भर चौकात.

गुरुवारची दुपार होती, म्हणजे इटलीतल्या पालेर्मोत घरकाम करणाऱ्या यच्चयावत फिलिपिनो बायकांची अर्ध्या सुट्टीची दुपार. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पेट्या मायदेशी नेणारा ट्रक चर्चसमोर उभा राहायचा आणि गल्लीबोळांतून कमरेएवढाल्या पुठ्ठ्याच्या पेट्या ढकलत माणसं तिकडे निघायची. मारिबेलने ही पेटी तीन महिने भरली होती. बाबांसाठी मोजे, नोएमीताईसाठी टॉवेल, भाच्यांसाठी बूट. पेटीत रिकामी जागा पाठवणं म्हणजे तिच्या लेखी पापच, म्हणून बुटांच्या पोटातही तिने चॉकलेटं कोंबली होती. त्या कोंबाकोंबीनेच घात केला. एक बाजू उसवली आणि साबणाच्या वड्या एकामागून एक उताराला लागल्या.

"ताई, तुम्ही पेटी धरा. साबणामागे मी जातो."

शब्द तिच्या स्वतःच्या भाषेतले होते. ती मान वळवेपर्यंत बोलणारा पळालासुद्धा होता. परत आला तेव्हा दोन्ही हातांत साबण, कपाळावर केस, नखांत माती, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू हे काम त्याला कुणी बक्षीस म्हणून दिलं असावं.

"सात," तो म्हणाला.

"आठ होते."

"आठवा त्या काळ्या कपड्यातल्या आजींनी उचलला. मी मागितला, तर त्यांनी मलाच चोर ठरवलं. दोरी आहे का?"

"दोरी असती तर साबणांची वरात निघाली असती का?"

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तो निघायच्या बेतात होता, आणि पुढचा ट्रक थेट महिन्याने. तरुणाने एकदा पेटीकडे, एकदा ट्रककडे पाहिलं आणि सरळ आपल्या कमरेचा पट्टा सोडला. मारिबेल चर्चवरची कबुतरं बघू लागली. पट्टा पेटीभोवती पुरेना. मग तिने गळ्यातला निळा स्कार्फ काढला, त्याने त्याचं टोक पट्ट्याला बांधलं, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं आणि चांगली करकचून गाठ मारली. पेटी ट्रकमध्ये चढली. ट्रक गेला. तरुण एका हाताने पँट धरून उभा राहिला.

"दादा, तुमचे फार उपकार झाले."

"दादा नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"क्रिसांतो. दादा म्हटलं की पुढची वाट बंद होते."

"कुठली वाट?"

"बंदराकडची... आइस्क्रीम खायला जाऊ या म्हणणार होतो. काय वाटलं तुम्हाला?"

तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. पण ती गेली. त्याने एका हाताने आइस्क्रीम खाल्लं, दुसऱ्या हाताने अब्रू सांभाळली, आणि मारिबेल आठ वर्षांत पालेर्मोच्या रस्त्यावर एवढी कधी हसली नव्हती.

पुढच्या गुरुवारी ती नवा पट्टा घेऊन गेली. त्याने तो घेतला नाही. "आधीचा पोचू दे तिकडे," तो म्हणाला. "मग हिशेब बघू." तोवर कमरेला त्याने बागकामाचा सुंभ बांधला होता. तो समुद्रकाठच्या एका श्रीमंत घरी माळी होता, गावचा बिकोलचा, म्हणजे मिरची खाणारा आणि गोड बोलणारा.

असे गुरुवार साठत गेले. बोलणं निघालं की गाडी गावाकडेच जायची. एकदा बागेतल्या लिंबाच्या झाडाखाली बसून मारिबेलने त्याला नोएमीताईच्या लग्नाची गोष्ट सांगितली. बातांगासच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या घराची रीतच तशी, मुलगी मागायला येणाऱ्याने आधी मुलीच्या घरी राबायचं. लाकडं फोडायची, पाणी भरायचं. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून नुसते बघत. दांते नावाचा लाजरा पोरगा महिनाभर विहिरीवरून पाणी आणून पिंप भरत होता, आणि चौदा वर्षांची मारिबेल मागच्या बाजूने पिंपाची तोटी हळूच सोडत होती.

"का पण? बिचारा."

"तो येताना खोबऱ्याच्या वड्या आणायचा. पिंप भरलं की येणं बंद होईल, ही भीती."

"बाबांना कळलं नाही?"

"सगळं कळत होतं. एकदा हळूच म्हणाले, 'बेल, आज तोटी थोडी कमी सोड, पोराची पाठ धरलीय.'" ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काय माणसं दिली रे देवाने मला. दारिद्र्य होतं, पण घरात हसायला कधी कमी पडलं नाही."

क्रिसांतोने झाडाचं एक पान तोडून चुरगाळलं आणि वासासाठी तिच्यापुढे धरलं. ती वाकली... आणि त्याचा हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

पेटी जुलैत घरी पोचली. रविवारी मारिबेलने फोन लावला तेव्हा बाबांनी मोज्यांचं नाव काढलं नाही, बुटांचं नाही, चॉकलेटांचंही नाही.

"नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं, बाबा?"

"ज्याचा पट्टा आलाय त्याचं. आणि तुझ्या स्कार्फला गाठ मारून आलाय. लग्नात जोडप्याला ओढणी पांघरतात आणि वरून दोर घालतात, ते मला कळत नाही होय? तुला तोंडाने सांगायची लाज वाटली, म्हणून पेटीवर बांधून पाठवलंस. मी अख्ख्या आळीला दाखवलं."

"बाबा, पेटी फुटली होती."

"हो, हो. तुझ्या आईनेही मला असंच काहीतरी सांगितलं होतं."

मागे नोएमीताई खुदुखुदु हसत होती. मारिबेलने परोपरीने सांगून पाहिलं, पण बाबा ऐकतील तर शपथ. आळीने गाठ पाहिली होती, विषय संपला. "मला फक्त एक सांग," ते म्हणाले. "तो पाणी कुणाकडे भरणार? मी इथे, तुम्ही तिथे. रीत सोडून चालायचं नाही." थोडा विचार करून त्यांनी तोडगाही काढला. "ज्या बाईंच्या घरी तू राहतेस, जेवतेस, त्याच तिथे तुझ्या वडीलधाऱ्या. त्यांच्याकडे भरू दे."

पुढच्या गुरुवारी तिने हा सगळा प्रकार क्रिसांतोला विनोद म्हणून सांगितला. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"कितवा मजला?" त्याने विचारलं.

"पाचवा. लिफ्ट गेल्या नाताळापासून बंद आहे. पण—"

"आणि पाणी कुठलं पितात?"

पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती ही. आठ दिवसांनी दाराची घंटी वाजली तेव्हा सिन्योरा आसुन्ता, म्हणजे मारिबेलच्या मालकीणबाई, स्वतः काठी टेकत दाराशी गेल्या. त्या एक्याऐंशीच्या होत्या, पोस्टात चाळीस वर्षं खिडकीवर बसलेल्या, आणि माणूस दिसला की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा ही खिडकीवरची सवय अजून सुटली नव्हती. दारात क्रिसांतो उभा होता, दोन्ही खांद्यांवर पाण्याच्या बाटल्यांचा एकेक गठ्ठा, घामाने निथळत.

"आम्ही काही मागवलं नाही," सिन्योरा म्हणाल्या.

"मी मागायला आलोय," तो मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणाला. "आज नाही. आज फक्त पाणी. मागणं नंतर."

सिन्योरांनी मान वळवून मारिबेलकडे पाहिलं. मारिबेल लाजेने चूर होऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे संत वाचत होती. तिने अडखळत, थांबत, पुन्हा अडखळत सगळी रीत सांगितली... पेटी, पट्टा, बाबा, पिंप. सिन्योरा शेवटपर्यंत गंभीर राहिल्या.

"म्हणजे हा मुलगा फुकट काम करणार, आणि ते चांगलं आहे की नाही हे मी ठरवणार?"

"हो, सिन्योरा."

"एवढी शहाणी रीत आमच्याकडे का नाही?" त्या क्रिसांतोकडे वळल्या. "हे बुडबुड्यांचं पाणी आहे. मला साधं लागतं. घेऊन जा."

तो पाच मजले उतरला आणि पाच मजले चढून आला. मारिबेल जिन्याच्या कठड्यावर वाकून बघत होती. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबून त्याने वर पाहिलं.

"तोटी तूच सोडलीस ना?" तो खालून म्हणाला.

"मी काही नाही केलं. मी नुसती बघतेय."

"बघ मग. बघणारं कुणी असलं की चढाव कमी होतो."

ऑगस्ट असाच गेला. पाण्यामागोमाग खिडक्यांची झडपं आली, गच्चीतली सुकलेली जुई आली, स्वयंपाकघरातला गळका नळ आला. सिन्योरा खुर्चीत बसून नुसत्या बघत, आणि काम झालं की टोमॅटो लावलेल्या पावाचा एक जाड तुकडा त्याच्यापुढे सरकवत. तोही पठ्ठ्या त्यांच्यासमोर मिरची काढून त्या तुकड्यावर पेरायचा. एकदा त्यांनी त्यातली थोडी चाखली आणि अर्धा तास त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. पण पुढच्या गुरुवारी "ती तिखट वस्तू आणलीस का" असं त्यांनी आपणहून विचारलं.

सप्टेंबर लागला आणि घोडं अडलं.

क्रिसांतोचे मालक घर विकून उत्तरेला व्हेरोनाला चालले होते, सगळं बिऱ्हाड घेऊन. माळ्याला तिथे राहायला दोन खोल्या होत्या. बायको असली तर तिलाही काम होतं. उत्तर रविवारपर्यंत हवं होतं.

"बायको असली तर," क्रिसांतो म्हणाला. ते दोघं जिन्यातच उभे होते. "मी म्हटलं, विचारून सांगतो..."

मारिबेलने कठड्यावरचा हात काढला नाही. "मी सिन्योरांना सोडून नाही जाऊ शकत."

"म्हणजे नाही?"

"तुला माहीत नाही. माझे इथे राहायच्या परवान्याचे कागद व्हायचे होते तेव्हा शहात्तराव्या वर्षी त्या काठी घेऊन माझ्याबरोबर पाच तास रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीवरचा माणूस मला हाकलत होता, तर म्हणाल्या, 'मी चाळीस वर्षं तुझ्या बाजूला बसलेय, मला शिकवू नकोस.' आई गेली तेव्हा मला सहा आठवडे घरी पाठवलं आणि स्वतः एकट्या राहिल्या. अशा माणसाला मी एक दिवस उठून सांगू, की मी चालले?"

"मग ते नाहीच झालं."

"मला माहीत नाही, क्रिसांतो... मला खरंच माहीत नाही."

त्याने पाण्याचे गठ्ठे दाराशी नीट रचून ठेवले आणि खाली उतरून गेला.

रविवार गेला. फोन आला नाही. पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही. बाटल्या संपत आल्या, तेव्हा मारिबेल स्वतः खाली जाऊन एक गठ्ठा घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावर बोटं वळली. तिसऱ्यावर ती गठ्ठा खाली ठेवून पायरीवर बसली, आणि तिला कळून चुकलं की आपण त्याला घालवलं. तो आता गाड्या भरून, रोपं बांधून उत्तरेच्या वाटेला लागला असेल. ती तिथेच बसून पोटभर रडली.

घरात आल्यावर सिन्योरांनी तिचे डोळे पाहिले आणि समोरची खुर्ची दाखवली. तिने सांगून टाकलं.

"म्हणजे मी कारण," सिन्योरा म्हणाल्या.

"तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"ते आहेत. मी नाकारत नाही. पण पोरी, उपकार फेडावेत, त्यांच्याआड लपू नये. तू माझ्यासाठी थांबली नाहीस. घाबरलीस म्हणून थांबलीस, आणि माझं नाव पुढे केलंस." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "तू यायच्या आधी अकरा वर्षं मी या घरात एकटी झोपले. रात्रीचं मला कुणी लागत नाही. मला सकाळी सातची कॉफी लागते. त्यासाठी माझ्या घरात राहायलाच हवं असं कुणी सांगितलं? दोन गल्ल्या सोडून राहिलीस तरी पाय चालतात ना?"

बोलणं कडू होतं, आणि शब्द न् शब्द खरा होता. पण उपयोग काय, दोन गल्ल्यांपलीकडे तिच्यासाठी आता कुणी नव्हतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी एक वाजता घंटी वाजली. दोन्ही खांद्यांवर गठ्ठे, कपाळावर केस. मारिबेलने दार धरूनच ठेवलं.

"तू व्हेरोनाला गेला नाहीस?"

"मालकांना रविवारीच 'येत नाही' म्हणून सांगितलं. मागच्या गुरुवारी एका रोपवाटिकेत बोलावलं होतं, कामासाठी. मिळालं. बंदराच्या मागेच आहे."

"आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस? दोन आठवडे मी..." तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला पाहून जीव भांड्यात पडला होता, आणि दोन्ही एकदमच.

"कळवलं असतं तर?" तो हळू म्हणाला. "तू म्हणाली असतीस, याने माझ्यासाठी काम सोडलं, आता याला नाही कसं म्हणू. मी तुला ओळखतो, मारिबेल. कुणी तुझा एक साबण उचलून दिला तरी तू जन्मभर लक्षात ठेवतेस. मला उपकाराचं हो नको होतं. म्हणून काम आधी पक्कं केलं, माझ्यासाठी. मला हे शहर आवडतं. तू नाही म्हणालीस तरी मी इथेच आहे."

"बाटल्या खाली ठेव आधी," आतून सिन्योरा म्हणाल्या. "आणि मारिबेल, वडिलांना फोन लाव. तिकडे संध्याकाळ असेल. हे प्रकरण आता मला बघवत नाही."

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज मोठा केला. एका बाजूला सिन्योरा, एका बाजूला क्रिसांतो, पाठ ताठ, हात मांडीवर. बाबांना इटालियन येत नव्हतं, सिन्योरांना त्यांची भाषा येत नव्हती, आणि क्रिसांतोने मध्ये बोलणं रीतीला धरून नव्हतं. म्हणून स्वतःच्या सोयरिकीची बोलणी मारिबेललाच इकडून तिकडे न्यावी लागली. असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

"बाईंना सांग," बाबा म्हणाले, "माझ्या मुलीला तुम्ही आठ वर्षं सांभाळलंत. आम्ही सगळे जेवायला बसताना तुमचं नाव घेतो."

सिन्योरांनी चष्मा काढून पुसला. "सांग त्यांना, कुणी कुणाला सांभाळलं ते मला चांगलं माहीत आहे."

"मुलगा कसा आहे म्हणावं?"

"पाणी नीट आणतो. कामाला चोख आहे. बोलतो जास्त. जुई जगवली. केस कापायला हवेत."

"चांगला आहे म्हणतात," मारिबेलने सांगितलं.

"मी एवढं सगळं बोलले आणि तू दोनच शब्द सांगितलेस?"

"बाबा, केसांचंही म्हणाल्या," क्रिसांतोने रीत मोडून सांगून टाकलं. पलीकडून नोएमीताईचं हसू ऐकू आलं.

मग बाबांनी घसा साफ केला आणि त्यांचा आवाज बदलला. "बाई, रीतीप्रमाणे विचारतो. तिथे तुम्हीच तिचं घर. या मुलाला आमची मुलगी द्यायची की नाही, ते तुम्ही सांगा."

मारिबेलने ते इटालियनमध्ये सांगितलं.

"नाही," सिन्योरा म्हणाल्या.

मारिबेल बघत राहिली.

"सांग ना त्यांना. नाही म्हणाले म्हणून सांग. मी देणारी कोण? मला माझ्या वडिलांनी दिलं होतं. बुधवारी कळलं, रविवारी लग्न झालं. माणूस चांगला निघाला, हे माझं नशीब. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि ते मला अजून लागतं. हिला कुणी विचारलंय का? तुम्ही मला विचारता, मी मुलाचे केस बघते, मुलगा पाणी भरतो, आणि ही आपली सगळ्यांचे निरोप पोचवत बसलीय."

मारिबेलने या वेळी शब्द न् शब्द पोचवला. काही वगळलं नाही.

"बाई बरोबर बोलल्या," बाबा म्हणाले. "पट्टा बघून मीच सगळं ठरवून मोकळा झालो. बेल... तुला काय हवंय गं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने क्रिसांतोकडे पाहिलं नाही, मुद्दाम. तिला त्या चेहऱ्याची दया यायला नको होती. तिने आपल्या मनाला विचारलं, आणि मन भाबडं असलं तरी खोटं नव्हतं. तो उताराला लागलेल्या साबणांमागे धावला म्हणून नव्हे. पाच मजले चढला म्हणून नव्हे. तो आला नाही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर तिला जे झालं होतं, त्यात उपकाराचा कुठे लवलेशही नव्हता.

"मला हा हवाय, बाबा," ती म्हणाली. "कुणाचं देणं म्हणून नाही. मला आवडतो."

पलीकडे आरडाओरडा झाला, भांडं पडलं, दांतेभावजींनी काहीतरी गाणं सुरू केलं.

"काय म्हणालीस?" सिन्योरांनी विचारलं. "मला सांग की."

तिने सांगितलं. आता इटालियनमध्ये, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, की आठ वर्षांत विनंत्या, माफ्या आणि आभारच ज्या भाषेत ती बोलली होती, त्या भाषेत एवढं साधं वाक्य किती सहज येतं. सिन्योरांनी मान हलवली, एकदाच, पोस्टाचा शिक्का मारावा तशी.

क्रिसांतो अजून तसाच ताठ बसला होता. डोळे मात्र काठोकाठ भरले होते.

"मला दोन्ही भाषा कळतात," तो म्हणाला. "पण... मला अजून कुणी सांगितलं नाही."

"तुला वेगळं सांगायला हवं?"

"पाणी मी भरलं. म्हणजे पहिला हक्क माझा होता."

मारिबेल खुर्ची सरकवून त्याच्याजवळ गेली. कपाळावरचे केस तिने मागे सारले, हे तिला मे महिन्यापासून करायचं होतं, आणि वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. वाक्य लहान होतं, पण सांगायला बराच वेळ लागला.

"काय झालं?" फोनमधून बाबा विचारत होते. "गप्प का झालात सगळे? बेल?"

सिन्योरा आसुन्तांनी फोन हातात घेतला, आणि समोरच्याला आपली भाषा येते की नाही याचा विचार न करता सांगितलं, "थांबा जरा. कामात आहेत." मग तो बंद न करता टेबलावर पालथा ठेवला आणि त्या कॉफी ठेवायला स्वतः उठल्या.